केरा कोण होती

नावांची झडती घ्यायला येणारी मुलगी ठरल्याप्रमाणे साडेदहाला दारात हजर झाली, तेव्हा हेमांगी निगडे आईला भरवत बसल्या होत्या. चार चमचे पेज कशीबशी पोटात गेली होती आणि पाचवा चमचा ओठांवरूनच परत येत होता. नाशिकच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गेले चार महिने सकाळ म्हणजे हेच. "आई" म्हणा, "सुनंदाबाई" म्हणा, नव्वदी ओलांडलेली म्हातारी ओ म्हणून द्यायची नाही. खिडकीशी बसून नुसती पदराचा काठ चिमटीत धरून राहायची. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "हाकेला ओ देणं थांबलं की पुढे गिळणंही थांबतं. कशाला तरी ओ द्यायला हवी त्यांनी."

आलेल्या मुलीचं नाव ऋजुता बेलसरे. प्रकाशकांनी पाठवलेली. हेमांगीताईंच्या नऊ अद्भुत कादंबऱ्यांमधल्या नावांचा एक नामकोश निघायचा होता आणि त्यात प्रत्येक नावाचं मूळ द्यायचं होतं. ऋजुतानं जेवणाच्या टेबलावरची मेथीची जुडी बाजूला सारली आणि पिशवीतून नामवेध काढला. दिसायला लोकरीच्या कानटोपीसारखाच, फक्त आतून बारीक तारांची जाळी आणि वायरीनं जोडलेला एक छोटा पडदा.

नामवेधानं त्या दोन-चार वर्षांत लेखकमंडळींची चांगलीच पंचाईत केली होती. कल्पना तशी सोपी. आपण ऐकलेला शब्द मेंदूत एकटा राहत नाही. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हाचा वास, उजेड, आवाज त्याला चिकटून बसतात. आपल्याला ते आठवत नाहीत, पण पुसलेलेही नसतात. टोपी घालून एखादं नाव पुन्हा पुन्हा उच्चारलं की मेंदूत जे जे सोबत जागं होतं, त्याचा माग काढत यंत्र पहिल्या खेपेपर्यंत पोचतं आणि तेव्हाचे आवाज जुळवून ऐकवतं. कुणाचा कपटी राजगुरू गणिताच्या मास्तरांपासून निघाला होता, तर कुणाची अप्सरा केसांच्या तेलाच्या बाटलीतून.

"माझ्याबाबतीत तसलं काही निघायचं नाही," हेमांगीताई टोपी घालता घालता म्हणाल्या. "माझी नावं मला सुचतात."

पहिलंच नाव घेतलं, सिलोरा, वाऱ्यावर तरंगणारं शहर. अर्ध्या मिनिटात यंत्रानं उत्तर दिलं. वय साडेचार, 'सिलोरा' छापलेलं बाथरूमच्या फरशीचं खोकं, त्या खोक्यावर बसून पाटी गिरवलेली. हेमांगीताईंचा चेहरा असा काही पडला की ऋजुताला हसू दाबता येईना, आणि मग दोघीही पोटभर हसल्या.

"आता केरा," ऋजुता म्हणाली.

केरा म्हणजे त्यांच्या नऊही पुस्तकांची नायिका. जिला मृत्यू शोधतो आणि जी त्याला कधीच दिसत नाही अशी राणी. या एका नावानं हेमांगीताईंना सगळं दिलं होतं. घर, वाचक, मान, आणि नोकरी सोडून लिहीत बसायचं धाडस. वाचकांनी त्याचे बारा अर्थ लावले होते. एका टीकाकारानं 'केरकचऱ्यातली केरा' म्हणून टर उडवली, तेव्हा ताईंनी त्याला चार पानी खरमरीत पत्र धाडलं होतं.

"केरा," त्या म्हणाल्या. "केरा. केरा."

यंत्र बराच वेळ घुमलं. मग पडद्यावर अक्षरं आली: वय अकरा महिने. चुलीचा धूर. मांडीची ऊब.

आणि एका पुरुषाचा आवाज आला, भरडा, लांबून हाक मारणारा. "केरे, अगं ये की भाईर. गूळ आणलाय बघ."

"आले रं, दादा." हा आवाज कोवळ्या बाईचा होता, अगदी जवळचा, जणू छातीतून येणारा. पाठोपाठ तिसरा, करडा, सासरच्या कुणा वडीलधाऱ्याचा. "पाहुणे, ते नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलंय तिचं नाव, सुनंदा. केर म्हणे. शोभतं का?" मग नुसतं एक तान्हं मूल रडत राहिलं.

हेमांगीताईंनी टोपी काढली. आईला माहेरचं वेगळं नाव असेल हे त्यांच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. सगळ्या कागदांवर सुनंदाच. मामाचं येणंही त्यांना आठवत नव्हतं. तो पुढे फिरकलाच नाही एवढंच कानावर होतं.

"पण केर?" त्या म्हणाल्या. "पोटच्या पोरीला असलं नाव कोण ठेवतं?"

"आमच्या गारगोटीकडं ठेवायचे, ताई," ऋजुता हळू आवाजात म्हणाली. "आधीची मुलं जगली नसली की नव्या बाळाला केरात ठेवायचे, सुपानं उचलायचे आणि नाव ठेवायचे केरबा, केराबाई. मरणाला वाटावं, हा कचरा आहे, कशाला न्यायचा. लई जीव असला की असलं नाव ठेवायचे."

हेमांगीताईंना भरून आलं. जिला मृत्यू पाहू शकत नाही ती राणी त्यांनी रचली नव्हतीच. ती त्यांना मांडीवर घेऊन बसली होती. त्या उठून खिडकीपाशी गेल्या.

"केरा," त्यांनी हाक मारली. आई तशीच बसून. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून वाचल्यासारखी हाक होती ती, त्यांची त्यांनाच कळली. त्यांनी घसा खाकरला आणि आता ऐकलं तसंच, लांबून, हेल काढून म्हटलं, "केरे, अगं ये की भाईर."

पदराचा काठ चिमटीतून सुटला.

"आले रं, दादा," आई म्हणाली आणि मान वळवून इकडेतिकडे बघू लागली. "गूळ आणलास?"

ऋजुता स्वयंपाकघरात धावली. आईनं गुळाचा खडा स्वतःच्या हातानं उचलला, तोंडात टाकला, चघळला, गिळला. दुसरा मागितला. हेमांगीताई जमिनीवर बसून बघतच राहिल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मग म्हातारीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तू कुणाची गं? ह्या गल्लीत कधी बघितली न्हाई."

ऋजुतानं चटकन ताईंचा खांदा धरला. ताईंच्या आधी तिला उमगलं होतं. ओ दिली होती ती माहेरच्या पोरीनं. तिचं लग्न व्हायचं होतं. तिला लेक नव्हती.

"मी हेमांगी, तुझी लेक," असं ओरडून सांगावंसं हेमांगीताईंना वाटलं. पण त्या 'आई' म्हणाल्या असत्या तर हे बोलणारं, गूळ खाणारं माणूस पुन्हा खिडकीकडे वळलं असतं, आणि ती जोखीम घ्यायची त्यांची छाती झाली नाही.

"मी लांबून आलेय," त्या म्हणाल्या. "लहानपणी तुझी एक वस्तू नेली होती, न विचारता. माझा सगळा जन्म तिच्यावर निभावला. तुझे आभार मानायचे राहिले होते."

"कसली वस्तू?"

"तुझं नाव."

केरा खुदकन हसली. "ते कशाला कोण न्हेतंय? केर हाय तो."

"नाही गं. माझ्याकडे सोनं झालं त्याचं."

केरानं खांदे उडवले, चिकट बोटं पदराला पुसली. "तुला न्हाई व्हय नाव?"

"आहे की. हेमांगी."

"हेमांगी," केरानं म्हणून बघितलं. पुन्हा म्हणून बघितलं. तिला ते आवडलेलं दिसलं. पुढे सरकून तिनं ताईंचा हात धरला आणि गुपित सांगावं तसं विचारलं, "मला लेक झाली की मी हेच ठेवीन. चालंल न्हवं तुला?"