विनीची जागा

"खोटं वाटलं तर शेबॉयगन गावी जाऊन बघा," व्हरांड्यातला दिवा मालवत अर्ल आजोबा नातवंडांना म्हणाले. "हा रोलंड माझ्या चांगल्या ओळखीतला. अक्कल गुडघ्यात, आणि गुडघाही उसना."

२०२४ सालचा नऊ नोव्हेंबर, शनिवार. रात्री साडेनऊला रोलंड मायक्रोफोन घेऊन इर्मामावशीकडे गेला. काम दोन मिनिटांचं. इर्मा, रोलंडची आई डोलोरेस आणि विनी, या तिघी बहिणी चौपन्न साली एकत्र गायच्या. आता एकटी इर्मा उरली होती. त्या जुन्या गाण्यांची रेकॉर्ड पुन्हा निघणार होती, आरंभाला तिचे चार शब्द हवे होते.

"म्हण, 'आम्ही दोघी बहिणी...'"

"तिघी."

"कव्हरवर कुठाय विनीमावशी? थोबाड बरं नाही म्हणून फोटोला तिच्या जागी भाड्याची पोरगी उभी केली होती ना? आणि ती करायची काय? खाली घूं घूं. ते तर फ्रिजही करतो."

"त्या घूं घूंवर आम्ही दोघी तरलो, गाढवा! मेली तरी तिचं नाव कुठे छापलं नाही कुणी. आता तरी येऊ दे."

"दोघी म्हण. नाहीतर रेकॉर्ड रद्द. मग ऐक माझ्या आईचा आवाज स्वप्नात."

इर्मा उठली. मायक्रोफोनपासून दोन पावलं लांब उभी राहिली.

"अगं, पुढे ये की!"

"पुढे विनी. तिचा खर्ज दबका, म्हणून ती जाळीला ओठ टेकवून. माझा आवाज चढा, मी मागे. एका माइकवर तिघी असंच गायचो. त्या जागेवर जाऊ नकोस."

"हा गेलो!" रोलंड खिदळत नेमका तिथेच उभा राहिला. "मीच म्हणतो. आम्ही दो..."

शब्द पुढे सरकेना.

खांद्याला धक्का. हलकाच. आपली जागा मागावी तसा.

तो वळला. इर्मा दोन पावलांवरच होती.

गालावर श्वास. गार...

मग खर्ज. त्याच्याच गळ्यातून. बाईचा.

"ति... घी..."

मागे इर्माने रडत रडत वरचा सूर लावला.

रोलंड जो पळाला, तो गाडीत बसेपर्यंत थांबला नाही. रेकॉर्ड निघाली. नावं तीन. त्यानेच घातली. का, म्हणून विचारलं तर हा तोंडाळ माणूस गळा धरून चालू लागतो.



"रोलंडचे बूट सपाट, होडीएवढे," अर्ल आजोबा शेवटी म्हणाले. "पण विनीच्या त्या जागी लाकडी जमिनीत दोन बारीक टाचांचे खळगे आहेत. सुताराने दोनदा भरले. सकाळी परत तेवढेच खोल... इर्मा वळसा घालून जाते."