खिडकीतल्या बकऱ्या

धाकट्या काकाचं लग्न झालं, त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत आत्याची नोकरी जाता जाता राहिली.

आत्या एका लहानशा संग्रहालयाची व्यवस्था पाहायची. चिमणी, तिचा दादा आणि मावसभाऊ ढब्बू रोज तिच्याकडे जात. पहिल्या कपाटात मेसोपोटेमिया, शेवटच्यात छपाईचा शोध. एका फेरीत हजारो वर्षं!

एके दिवशी मात्र आत्या कपाटं पुन्हा पुन्हा उपसत होती. रंगकाम आटोपून कपाटं पुन्हा लावली, तर मेसोपोटेमियाची मुद्रा गायब!

"संध्याकाळपर्यंत सापडली नाही, तर किल्ल्या ठेवा आणि घरी बसा," संग्रहालयाच्या चिटणीसांनी तिला बजावलं होतं.

"मुद्रा दिसते कशी गं?" ढब्बूने विचारलं.

"बोटाच्या पेराएवढा गोल दगड. ओवायला आरपार भोक. वर चित्र कोरलेलं. तेव्हाचे व्यापारी मालाच्या तोंडाला ओली माती लावून तिच्यावर ती फिरवायचे, की चित्र उमटायचं. मग कुणी हात घातला की लगेच कळायचं!"

पोरांनी कोपरा न् कोपरा धुंडाळला. ढब्बू कपाटाखालून कोळ्याची जाळी डोक्यावर घेऊनच निघाला. चिमणी खिडकीशी थबकली. फटी बुजवायला रंगाऱ्याने चौकटीला लांबी, म्हणजे मातीसारखा मऊ लगदा, भरली होती. तिच्यावर चिमुकल्या बकऱ्यांची रांग!

"रंगाऱ्याने काढल्या?"

"त्याला सरळ रेघ मारता येईना, बकऱ्या कुठल्या!" दादा हसला.

चिमणीने वर पाहिलं. पडद्याच्या दोरीला एक राखाडी मणी लोंबत होता. दोरी बाजूला ओढताना तो लांबीवरून घरंगळला असणार. तिने हात पुढे केला.

"थांब!" दादा कुजबुजला. "आपण काढला, तर आत्यानेच लपवला म्हणतील."

चिमणीने चिटणीसांना हाक मारली. "काका, काय झकास गाठ आहे! रंगाऱ्याने मारली का हो?"

"त्याला काय येतंय? मी मारली! पडदा फडफडत होता. कपाटं हलवताना हा मणी खाली सापडला, दिला बांधून. डोकं लागतं त्याला!"

"मग तुम्हीच सोडा ना, काका. आणि जरा या लांबीवर फिरवून बघा."

दादाने डब्यातली ओली लांबी फळीवर थापली. चिटणीसांनी मणी सोडून तिच्यावर फिरवला. एकामागून एक बकऱ्या चालू लागल्या! चिटणीसांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"चुकलो, बाई," ते आत्याला म्हणाले. "किल्ल्या तुमच्याकडेच राहू द्या. आणि पोरांनो, डोळे आहेत की भिंगं!"

आत्याने चिमणीला मुद्रा स्वतःच्या हाताने कपाटात ठेवू दिली.

आत्या निवृत्त होईपर्यंत तिथेच होती. चिमणी इतिहासाची शेवटची परीक्षा पास झाली, त्या हिवाळ्यात आत्या वारली.