उबदार सपाता

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या बाबांच्याच घरात घडलेली आहे, आणि अजून संपलेली नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी.

मागच्या सप्टेंबरातला रविवार. उत्तर जर्मनीत, मेक्लेनबुर्गमधल्या एका तळ्याकाठचा छोटा महाल. नाव सांगणार नाही. भरदुपार होती आणि लख्ख ऊन पडलं होतं. भुताखेतांना अजिबात न शोभणारी वेळ.

वर्षातून एका रविवारी आमच्याकडे एरवी कुलूपबंद असणारे महाल आणि गढ्यासुद्धा लोकांना बघायला उघडतात. आईबाबांनी लग्नापासून हा रविवार कधी चुकवला नव्हता. मग आई गेली. त्यानंतर दोन वर्षं बाबांनी उंबरा ओलांडला नाही. खिडकीशी बसून राहायचे. घरात घालायच्या आईच्या सपाता, दाबलेल्या लोकरीच्या म्हणजे नमद्याच्या, दाराशी रॅकवर तशाच होत्या. त्यांना कुणी हात लावलेला बाबांना खपायचा नाही.

त्या सकाळी मात्र स्वतःहून बूट घालून उभे राहिले.

"चल रीके. महाल बघून येऊ."

मला रडूच आलं. बाबा पुन्हा हिंडूफिरू लागावेत, एवढं एकच मागणं होतं माझं.

महालाच्या जिन्यापाशी एक लाकडी पेटी होती. माहिती सांगणाऱ्या डेटमानबाईंनी आमच्यासमोर तिचं झाकण उघडलं. आत नमद्याच्या सपाता. जाड, राखाडी, होडीएवढ्या. लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून त्या बुटांवरून चढवायच्या आणि पाय न उचलता घसटत चालायचं. लहानपणापासून हे करत आले, पण किळस गेली नाही. इतक्या लोकांचे पाय त्यात जातात. धुतं कोण त्या?

"तिकीटही आपण काढायचं आणि जमीनही आपणच पुसून द्यायची," हॅम्बुर्गहून आलेला एक जाडजूड गृहस्थ म्हणाला. सगळे हसले.

मी पाय घातला...

सपात गरम होती.

बुटाच्या चामड्यातून ऊब जाणवत होती. आणि ओल. कुणीतरी नुकताच पाय बाहेर काढावा तशी. पण महाल नुकताच उघडला होता, आमचीच तुकडी त्या दिवसातली पहिली होती. मी झटकन पाय काढला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"ओल्या आहेत. शी."

"आण इकडे. अगदी आईवर गेलीस. तीही अशीच नाक मुरडायची." बाबांनी मला त्यांची जोडी दिली आणि माझी स्वतः चढवली.

मोठ्या दालनात शिरलो. छतावर सोनेरी वेलबुट्टी, भिंतींवर रेशीम. डेटमानबाई राजेरजवाड्यांची नावं घेत होत्या. आम्ही घसटत होतो. सर्र... सर्र...

त्या थांबल्या. आम्हीही थांबलो.

सर्र...

एकच पाऊल. सगळे उभे राहिल्यानंतरचं. मी मागे पाहिलं तर मागे बाबाच होते, आणि ते छताकडे बघत होते.

"शेवटच्या महायुद्धात इथे लष्करी इस्पितळ होतं," डेटमानबाई सांगत होत्या. "या दालनात खाटा होत्या. पूर्वेच्या आघाडीवरून पोरं यायची, बर्फात पाय गोठलेली."

तेवढ्यात वास आला. मांस पुसलेलं फडकं बादलीत विसरून जावं, तसा. गोडूस आणि कुजका. मी रुमाल नाकाला लावला. बाकीच्यांचं लक्षही नव्हतं.

मग मला ते ठसे दिसले...

बाबांच्या पाठोपाठ, चकचकीत लाकडावर. अनवाणी पावलांचे, ओले. पाणी नव्हतं ते. पिवळट होतं आणि चिकट. टाच होती, तळवा होता. पुढे बोटंच नव्हती.

"बाबा, आपण निघू या."

"अजून नाचघर राहिलंय की," ते म्हणाले. दोन वर्षांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं. मी त्यांच्याबरोबर पुढे घसटत निघाले.

परतताना सपाता पेटीत टाकल्या. मला राहवेना. "बाई, या धुता की नाही कधी?"

डेटमानबाईंना राग आला नाही. उलट त्या खुलल्या. "यातल्या पाच-सहा जोड्या सत्तेचाळीस सालच्या आहेत, ठाऊक आहे? तेव्हा कापडाची चिंधी मिळत नव्हती. इस्पितळाच्या तळघरात नमद्याच्या बुटांचा ढीग पडला होता. सुजलेल्या पायांवरून निघेनात म्हणून कापून काढलेले. गावातल्या बायकांनी ते उकळून धुतले आणि या सपाता शिवल्या. माझी आजीही होती त्यांत. अजून टिकल्यात बघा."

हॅम्बुर्गवाला स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

"आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही?" मी विचारलं.

"त्यात काय वाटायचं? चांगला नमदा कोण टाकतं?"

बाबांनी मान डोलावली. "खरं आहे. माझी आईही काही टाकू देत नसे."

मला त्या दोघांचीही शिसारी आली. खोटं कशाला बोलू?

गाडीत बाबा म्हणाले, "पायाची बोटं गार पडलीत." मी हीटर लावला. घरी आल्यावरही ते पाय उचलेनात. दिवाणखान्यातून घसटत चालले होते. मला वाटलं, चेष्टा करताहेत.

त्या आठवड्यातच डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिली आणि मला बाजूला घेतलं.

"हे बर्फात फिरले होते का कुठे?"

"सप्टेंबरात?"

"तेच मला कळत नाही. मधुमेह नाही, रक्तवाहिन्या ठीक आहेत. आणि बोटं तर गोठल्यासारखी दिसतात."

दोन्ही बोटं काढावी लागली. बाबा इस्पितळात होते तोवर मी त्यांच्या घरी राहिले. एका दुपारी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. घरातल्या, दाराकडच्या बोळातून आवाज आला. सर्र... सर्र...

"सावकाश हं बाबा," मी सवयीने म्हणाले.

मग आठवलं...

बाबा घरात नव्हते.

मी सुरी घेऊनच बाहेर आले. बोळात कुणी नव्हतं. तोच वास मात्र भरून राहिला होता. दारापासून चपलांच्या रॅकपर्यंत ओले ठसे आले होते, बोटं नसलेले. रॅकपाशी ते संपत होते. चांगल्या वळणाचा पाहुणा जसा आत येतो आणि निमूट घरातल्या सपाता पायात सरकवतो, अगदी तसे.

आईच्या सपाता जागेवर नव्हत्या. बाबांच्या खुर्चीसमोर होत्या, जोडीने.

मी एकीत हात घातला. गरम होती. ओलही होती. बोटांना काहीतरी चिकटलं, आणि मी तिथेच भडाभडा ओकले.

बाबा कुबड्या घेऊन घरी आले त्या दिवशी मी सपाता कचऱ्याच्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. त्यांनी पिशवी उघडली, सपाता काढल्या, आणि कण्हत वाकून रॅकवर मांडल्या.

"बाबा, आईच्या आहेत त्या."

"मला माहीत नाही का?"

"मग त्या बोटं नसलेल्याला कशा घालू देता? किळस नाही येत तुम्हाला?"

"गारठलाय गं तो. पोरसवदा आहे." ते खुर्चीत टेकले. "आणि तुझ्या आईला आता कुठे लागतात? चांगला नमदा आहे, वाया कशाला घालवायचा?"

तेव्हापासून मी त्यांच्या घरात बूट काढत नाही. आमच्याकडे याला उद्धटपणा म्हणतात. म्हणोत. रोज सकाळी हातमोजे चढवते, श्वास रोखते आणि बोळातले ठसे पुसते. बाबा आता खिडकीशी बसत नाहीत. दाराकडे तोंड करून बसतात.

काल पुसता पुसता माझा हात थांबला...

डाव्या पायाच्या ठशाला दोन बोटं होती.

मी बाबांना सांगितलं नाही. आज सकाळी त्यांनी मोजा काढला आणि पाय माझ्यापुढे धरला.

"रीके, बघ जरा. तिसरंही गार लागतंय."