कोंडीरामची समुद्रातली बुडी

पाण्याखाली एकदा तरी काहीतरी जितं बघावं, एवढ्यासाठीच कोंडीरामला समुद्रात उतरायचं होतं! तीस वर्षं त्यानं उमरग्याच्या आसपासच्या विहिरींत बुड्या मारल्या. कधी पडलेली मोटर काढली, कधी घागर. पण पोलिसांचा फोन आला की काढायचं ते प्रेतच. छप्पन्नाव्या वर्षी त्याला पाण्याचा वीट आला होता. ही शेवटची बुडी. रंगीत मासे बघायचे आणि पाण्याला रामराम ठोकायचा, असं त्यानं पक्कं केलं होतं.

"तिथंबी कुणाला काढायला चाललाव का?" निघताना म्हाळसाबाईनं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"न्हाय गं. मासं बघायला."

सहल उमरग्याच्या पोहणाऱ्यांच्या मंडळाची. मंडळ चालवायची गावात दवाखाना असलेली डॉक्टर शिवप्रिया. तिसरा उमाशंकर, हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवणारा तिशीतला गडी. त्याला पोहायला कोंडीरामनंच शिकवलेलं. तिघांनी सोलापूरच्या तलावात पाठीवर हवेची टाकी बांधून महिनाभर सराव केला आणि जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेत मालवण गाठलं.

आणि समुद्र बघा, नेमका खवळलेला! सुपातल्या दाण्यासारखी बोट वर उडायची, धाडकन खाली आपटायची. कोंडीराम दोनदा ओकला. हे वय आहे का असली थेरं करायचं, असं त्याला मनापासून वाटलं.

"एकच बुडी मारू," बोटीवरचा प्रशिक्षक ओरडला. "नांगराचा दोर सोडायचा नाही. आणि श्वास कोंडायचा नाही! नळीतून घेत राहा, सोडत राहा. श्वास कोंडून वर आलात, तर आतली हवा फुगून फुफ्फुस फाटेल!"

विहिरीत तर सगळं उलटंच. 'छाती भरून घे, श्वास धर, मेलास तरी सोडू नको,' असं कोंडीरामनं उमाशंकरला शंभरदा दटावलं होतं.

"काका, शिकवलेलं विसरा म्हणायलेत," उमाशंकर हसला.

"व्हय बाबा. इसर."

प्रशिक्षक आणि शिवप्रिया पुढं उतरले, मागून हे दोघं. वरचा गोंगाट एकदम थांबला. हिरवट, गढूळ पाण्यात हाताला दोर आणि कानांत स्वतःच्याच बुडबुड्यांचा आवाज, बाकी काही नाही. वीस फूट. तीस फूट. खाली खडकाची सावली दिसू लागली आणि तिच्यावर पिवळं, निळं काहीतरी हललं. मासे! कोंडीरामचं काळीज लहान पोरासारखं उडालं.

तेवढ्यात पाण्याचा लोंढा आला! दोर हिसकला. उमाशंकर दोरावर आपटला, त्याच्या बुडीच्या चष्म्यात पाणी शिरलं. तो धडपडला. दोर सुटला. त्यानं पाय मारले आणि सरळ वर निघाला.

कोंडीरामनं बघितलं. बुडबुडे बंद!

नळी तोंडात होती, पण पोरानं श्वास धरला होता. शिकवला होता तसाच, घट्ट. अरे देवा! माझ्याच शिकवण्यानं मारतो की काय याला!

त्यानं खाली माशांकडं बघितलं नाही. झेप घेतली. घोटा धरला. खेचला! उमाशंकरनं लाथ मारली, ती खांद्यावर बसली. सोडायचं नाही! त्यानं पोराला छातीशी आवळलं आणि फासळ्यांखाली पंजा दाबला. तीस वर्षं त्यानं विहिरीच्या काठावर कितीतरी छात्या अशाच दाबल्या होत्या. एकही हलली नव्हती.

पुन्हा दाबला. सोड रे बाबा, सोड!

आणि भसकन बुडबुडे सुटले!

पुन्हा सुटले. पुन्हा. कोंडीरामनं चाचपडत दोर धरला आणि बुडबुडे मोजत, हातभर हातभर, दोघं वर आले.

बोटीवर शिवप्रियानं उमाशंकरच्या छातीला कितीतरी वेळ कान लावला. "श्वास नीट चाललाय," ती म्हणाली. प्रशिक्षकानं दुसऱ्या बुडीचं नावही काढलं नाही.

कोंडीरामनं पाठीवरची टाकी सोडली आणि तो पोराशेजारी बसला.

"काका, माझ्यापायी तुमचे मासे ऱ्हायले," उमाशंकर रडवेला होऊन म्हणाला.

"गप पड."

किनाऱ्याला लागल्यावर म्हाळसाबाईचा फोन आला. "अवं, दिसलं का मासं?"

"न्हाय. नीट न्हाय दिसलं."

"मग एवढ्या लांब जाऊन केलं काय?"

वाळूत पालथा पडून उमाशंकर घोरत होता. त्याची पाठ वरखाली होत होती. कोंडीराम ती बघत राहिला.

"एक काढला," तो म्हणाला. "जिता काढला गं."