चहासंगची लाल गोळी

"नंबर माझा हाय!" मी ओरडली.

टेबलामागून एक मान वर आली. हा सौरव. नंदनवनच्या दवाखान्यातला नवा नर्स, मौद्याचा पोरगा. पुरुष नर्स मी पहिल्यांदाच पाहून राहिली होती... अन् डोळे असे, का मी पुढचं विसरलीच.

"बसा तर आधी."

"बसाले नाही आली! ह्या माझ्या सोनिकावहिनीले सातवा महिना हाय. तीन महिन्यांपासून तुमच्या लाल गोळ्या खाऊन राहिली, अन् रक्त आठच! नकली गोळ्या देता का गा?"

तो चिडला नाही. वहिनीलेच म्हणे, "ताई, गोळी कायच्यासंग घेता?"

"चहासंग. पाण्यानं मळमळते. दामिनीच करून देते, मस्त कडक."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "चहा गोळीतलं लोह अंगाले लागू देत नाही. लिंबूपाण्यासंग घ्या. चहा दोन तास दूर. बाळंतपणाच्या आधी रक्त दहाच्या वर गेलं पाहिजे, नाहीतर धोका हाय."

मीच... रोज, आपल्या हातानं! मी एकोणीस वर्षांची घोडी, नववीत शाळा सोडलेली, पण हे तर कोणी सांगाले पाहिजे होतं ना?

"आधी काहून नाही सांगितलं?"

"आता सांगून राहिलो ना... दामिनी."

माझे कान गरम.

त्याच दिवशी मी चहापत्तीचा डबा आलमारीत कोंडला. आई बोंबलली, "आम्ही काय गोळ्या खाऊन पोरं काढली?" मी चाबी दिलीच नाही. वहिनीले जवसाची चटणी, पालक, लिंबू... समोर बसून खाऊ घातलं. दर मंगळवारी दवाखाना.

"आज काय शंका?" सौरव विचारे.

"संत्रं चालते का?"

"मागच्या हप्त्यात सांगितलं."

"विसरली."

"विसरली, का मले पाहाले आली?"

"आरशात तोंड पाहा आपलं!" म्हणून मी पळे.

नवव्या महिन्यात रिपोर्ट आला. दहा पॉइंट सहा! वहिनी रडलीच. मी मात्र सौरवकडं पाहून राहिली.

"आता तर तुमचं येणं संपलं," तो हळूच म्हणे.

"संपलं कायचं? गल्लीत चार पोटुशा बाया अजून अशाच गोळ्या घेऊन राहिल्या. एकेकीले ओढून आणते."

"अन् चौघीही बाळंत झाल्या का... मग?"

"मग तू ये. घरी. आईले विचाराले."

त्याच्या हातातला पेन खाली पडला.

"रविवारी येऊ?"

"शनिवारी काहून नाही?"