भाऊ, बाहेरून उघडा

हे खरं घडलेलं आहे. ज्ञानेशने स्वतः सांगितलंय, आणि सांगताना तो एकदाही हसला नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. मे महिन्यातला रविवार, रणरणती दुपार. गाव पिंपळगाव बसवंत.

ज्ञानेश ओझरच्या विमान कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. नोकरी जवळ पडते म्हणून तो आणि बायको मनाली पिंपळगावला, मनालीच्या आईवडिलांकडेच राहतात. सासरे खंडेराव यांचं द्राक्षांचं पॅकहाउस घराला लागूनच आहे.

ज्ञानेशला गाणी ऐकायचं वेड. साधंसुधं नाही. गायिकेने श्वास कुठे घेतला, तेही त्याला ऐकू यायला हवं. म्हणून त्याने घरासाठी स्वतःच अ‍ॅम्प्लिफायर बनवायचं ठरवलं. कोणता बनवायचा, यावर कारखान्यातल्या चंदरशी रोज डबा खाताना वाद.

"जुन्या पद्धतीचा बनव रे," चंदर म्हणायचा. "थोडी सरसर असली म्हणून काय झालं? जिवंत वाटतं."

ज्ञानेशला तीच सरसर नको होती. त्याने पूर्ण डिजिटल बोर्ड मागवला. साध्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गाण्याच्या फाइलमधल्या आकड्यांचा आधी आवाज होतो आणि मग तो मोठा केला जातो. याच्यात आकडे स्पीकरच्या तोंडापर्यंत आकडेच राहतात. गाणं आत येणार तेही तारेतून नाही, तर काचेच्या केबलमधून, लाल प्रकाश होऊन. दुसरी वाटच ठेवली नव्हती त्याने. माइक नाही, रेडिओ नाही, ब्लूटूथ नाही.

म्हणजे गाणं नसेल तेव्हा आतून काही म्हणजे काहीच येणार नाही.

हे नीट लक्षात ठेवा.

ऐकायला जागा मिळाली ती पॅकहाउसमधली छोटी कोल्ड रूम. मोठी बांधल्यापासून ती बंदच होती, थंड करायचं मशीनही काढून नेलेलं. पत्र्याच्या जाड भिंती, मध्ये फोम. दार लावलं की बाहेरचा ट्रॅक्टरसुद्धा ऐकू येत नाही.

"घ्या जावईबापू," खंडेराव म्हणाले. "नाहीतरी रिकामे क्रेटच पडलेत तिथं."

ज्ञानेशने भिंतींवर गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. मध्ये एक खुर्ची. समोर दोन स्पीकर. दाराला आतून ढकलायचं बटण होतंच, चुकून कोणी अडकलं तर बाहेर पडता यावं म्हणून. त्याने ते दोन-चारदा दाबून पाहिलं होतं. दार सहज उघडायचं.

त्या रविवारी घरचे सगळे दिंडोरीला लग्नाला गेले. द्राक्षांचा हंगाम संपलेला, मजूर आपापल्या गावी गेलेले. ज्ञानेश मुद्दाम मागे राहिला. अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याचा शेवटचा स्क्रू त्याने आवळला आणि दार ओढून घेतलं.

गाणं सुरू झालं.

काय सांगायचं! तंबोऱ्याची एकेक तार वेगळी दिसावी तसा आवाज. त्याच्या अंगावर काटा आला, आनंदाने.

गाणं संपलं. आणि शांतता पसरली. अशी शांतता त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

मग... टक.

उजव्या स्पीकरमधून.

तो हसला. सोल्डरिंगचा एखादा टाका कच्चा राहिला असेल.

टक... टक.

त्याने आवाज अगदी शून्यावर आणला.

टक... टक... टक. तेवढाच मोठा.

त्याने काचेची केबल उपसली. टोकाचा लाल ठिपका त्याच्या बोटावर पडला. अ‍ॅम्प्लिफायरच्या डिस्प्लेच्या पट्टीवर अक्षरं आली, 'सिग्नल नाही'.

आणि त्या सिग्नल नसलेल्या डब्यातून कोणीतरी ठोकत होतं. बोटाने नाही, तळव्याने. पत्र्यावर.

ज्ञानेशने प्लगच ओढून काढला. पट्टी विझली. स्पीकर गप्प झाले.

त्याने घाम पुसला. आता बाहेर जायचं, पाणी प्यायचं.

टक... टक... टक...

आवाज आता स्पीकरमधून येत नव्हता.

दारातून येत होता.

घरचे लवकर परतले असतील, असं वाटून तो धावला. बटण दाबलं. बटण आत गेलं, बाहेर आलं... दार हललं नाही. त्याने खांदा लावला. लाथ मारली. मोबाइल काढला. त्या पत्र्याच्या पेटीत नेटवर्कची एक काडीही नव्हती.

"कोण आहे? दार उघडा! मी आत अडकलोय!"

ठोकणं थांबलं.

मग दारापलीकडून, अगदी त्याच्या कानाच्या उंचीवरून, एका बाईचा आवाज आला.

"भाऊ... आलात का? लय येळ झाला हाका मारतेय. बाहेरून उघडा ना."

"मावशी, बाहेर तुम्ही आहात! मोठा दांडा आहे बघा, तो ओढा."

"दांडा कुठं हाय? इकडं कायच नाय. अंधार हाय नुसता." तिने परत ठोकलं. "तुमी बाहेर हायेत ना भाऊ? मग उघडा की. मला लय गार लागतंय."

ज्ञानेशच्या शर्टातून घाम निथळत होता. गोधड्यांचा वास नाकात भरत होता. दाराला टेकवलेला तळवा मात्र... गारठत चालला होता.

त्याला एक गोष्ट कळली. ती आत होती. तोही आत होता. त्या दाराला बाहेरची बाजूच उरली नव्हती.

तो ओरडला. ती ओरडली. त्याने ठोकलं, तिनेही ठोकलं. कितीतरी वेळ. शेवटी त्याचा घसा बसला आणि तो दाराशी खाली बसला. श्वास जड झाला होता. पलीकडेही काहीतरी घसरत खाली बसल्याचा आवाज आला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "नाव काय तुमचं?"

"रंगू." आवाज आता लहान झाला होता. "भाऊ, तुमी जाऊ नका हां. मघाशी पण कोणतरी आलं होतं. बोललं आन् मग गेलं."

"नाही जात."

"उघडलं की मला आधी काढाल ना?"

"तुम्हाला आधी, रंगूमावशी. शप्पथ."

त्यानंतर ती बोलली नाही. फक्त ठोकत राहिली. हळू... आणखी हळू...

दार उघडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. समोर त्याच्या सासूबाई साळूबाई उभ्या, लग्नातल्या जरीच्या साडीतच.

"अगंबाई! काय झालं हो? दाराला दांडा पण लावलेला नव्हता. बोटाने उघडलं मी!"

ज्ञानेश बाहेर आला नाही. तो बाजूला सरकला, भिंतीला चिकटून, आणि दार हाताने धरून उभा राहिला. कोणाला तरी वाट देतात तसा. मनाली रडायला लागली. खंडेराव हाका मारत राहिले. तो हलेना.

कोणी गेलं नाही. निदान दिसलं तरी नाही.

रात्री त्याने सगळं सांगितलं. खंडेरावांनी देवाची आण घेतली, आमच्याकडे कोणी अडकलं नाही, कोणी मेलं नाही, रंगू नावाची बाई कधी कामाला नव्हती.

"पण ते दार नवीन नव्हतं," ते म्हणाले. "भंगारातून आणलेलं. कुठलं तरी कोल्ड स्टोरेज पाडलं होतं, त्याचं. कुठलं, ते विचारलं नाही आम्ही."

ज्ञानेश दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला. संध्याकाळी परतला तर कोल्ड रूमला दार नव्हतं. खंडेरावांनी त्याच्या काळजीने ते भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. ज्ञानेश तसाच मोटरसायकल काढून धावला.

"ते? ते गेलं की लगेच," भंगारवाला म्हणाला. "चांगलं जाड दार होतं. टेम्पोत टाकून घेऊन गेला एक जण. नाव काय नाय विचारलं."

अ‍ॅम्प्लिफायर आता हॉलमध्ये आहे. ज्ञानेश अजून गाणी ऐकतो. गाणं संपतं, ती भयाण शांतता येते, आणि तो खुर्चीत पुढे वाकून थांबतो. मनाली जेवायला बोलावते, तरी उठत नाही.

आजवर एकदाही 'टक' झालेलं नाही.

पण ती त्या दिवशी बाहेर पडली म्हणून ठोकत नाही... की त्या दारामागेच ठोकून ठोकून थकली, हे त्याला कळायला मार्ग नाही.