मनमोहनचा टब

आंघोळीच्या टबांना इनॅमलचा रंग मारणं हा माझा, म्हणजे या गुणाजीचा, धंदा. भोईवाड्यात राहतो. कोकणातला आहे, तरी भुताखेतांच्या गोष्टी मला सांगू नका. फुकट वेळ जातो.

छप्पन्नच्या चैत्रात गिरगावातल्या कमलाकांतसाहेबांनी बोलावलं. टब बिडाचा, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. तळाला पाठीएवढी जागा झिजून काळं लोखंड दिसत होतं. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत रंग टिकला तर ठीक, नाहीतर नवा टब बसवतो. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी, उर्मिलाबाई, हळूच म्हणाल्या की काहीही करा, पण हा टब हलता कामा नये. त्यांचा मुलगा मनमोहन जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला, तो परतलाच नव्हता. तिथल्या गोळीबारात पडलेल्या आणखी कित्येक पोरांसारखं त्याचं प्रेतही मिळालं नव्हतं. लहानपणापासून तो याच टबात तासन् तास डुंबायचा.

मी गंज खरवडला, रंगाचे दोन हात दिले, न्हाणीघराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. सकाळी पाहतो तर पाठीची जागा पुन्हा उघडी. ओल्या रंगावर कुणी बसून उठावं तशी. खाली टाचांचे दोन ठिपके. मी रंगवाल्याच्या नावानं बोटं मोडली आणि नवा डबा आणला. दुसऱ्या सकाळी तेच.

शुक्रवारी माझं डोकं फिरलं. पुन्हा रंग देऊन त्या रिकाम्या न्हाणीघरात मी ओरडलो, "बाबा रे, रंग ओला आहे. आता येऊ नको!"

सोमवारी टब लखलखीत. साहेबांनी माझी पाठ थोपटली. ते ऑफिसला गेल्यावर बाईंनी तळावरून हात फिरवला आणि त्या टबाशेजारी खाली बसल्या. रोज येत होता तो, म्हणाल्या, तुम्ही काय बोललात त्याला? मी खरं ते सांगितलं. आपल्यात घराबाहेर पडणारा माणूससुद्धा जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि मी दुसऱ्याच्या लेकराला येऊ नको म्हणालो होतो. फार लाज वाटली हो.

"तुम्ही नको म्हणालात," त्या म्हणाल्या, "आता तुम्हीच बोलवा."

त्यांनी टब अर्धा भरला. नळ बंद केला.

"मनमोहनराव," मी म्हटलं, "रंग सुकला. या."

पाणी चार बोटं वर चढलं.

बाई रडता रडता हसल्या. "किती रे वाट पाहायला लावलीस."

पाणी आणखी चार बोटं चढलं. मग आणखी.

काठावरून वाहू लागलं. माझी पावलं भिजली.

बाई पदर खोचून उठल्या.

"एकटा नाही आला," त्या म्हणाल्या. "गुणाजी, बंब पेटवा. सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्यात."